आजी लेकीच्या गावाला निघाली

आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. तुमच्या आजीची आई तुमच्या आजीच्या सासरी किती वेळा आली होती? घरात कुणी जुनं माणूस असेल तर आज रात्री जेवताना विचारून बघा. मी आमच्या माण-खटावच्या भागातल्या बऱ्याच म्हाताऱ्या बायांना हे विचारलं. कुणी म्हणालं, एकदा आली होती, तेही दीर वारला तेव्हा. कुणी म्हणालं, दोनदा. आणि एक आजी म्हणाल्या, "मांडवातनं मला पाठवली ती पाठवली. माझं सासरचं दार आईनं कधी बघितलंच न्हाई."

आज त्याच आजी दोन-तीन महिन्यांनी पिशवी उचलतात, फाट्यावर येऊन एसटीला हात करतात आणि धाकट्या लेकीच्या घरी चार दिवस राहून येतात. कुणाला फार विचारत बसत नाहीत. हे एवढं कसं बदललं, त्याचा हा इतिहास. ह्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. बैलगाडी आहे, खडी आहे, एसटी आहे आणि कंडक्टरनं हातावर ठेवलेलं तिकीट आहे.

आधी रिवाजाचं बोलू. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही, काही ठिकाणी तर पाणीही प्यायचं नाही, असं पुष्कळ घरांत पाळत होते. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे आजीला पहिलं नातवंड आपल्याच घरात बघायला मिळायचं. पाचवी पुजायची, धुरी-शेक व्हायचा, बारसं व्हायचं. मग कुंची, दुपटं, अंगडं-टोपडं, जमलं तर चांदीचे वाळे, असा बाळंतविडा बांधून लेकीला सासरी लावून द्यायचं. त्यानंतर ते नातवंड पुन्हा दिसेल ते पंचमीच्या नाहीतर दिवाळीच्या भरवशावर. पोरगी आली तर आली. सासरी सुगी लांबली, सासूचा पाय मोडला, पाऊस आला, की वर्ष गेलं.

रिवाज होता हे खरं. पण मला वाटतं, ज्या घरी जाताच येत नाही, त्या घरी जाऊ नये असा रिवाज पडायला वेळ लागत नाही.

का जाता येत नव्हतं? पहिलं कारण आजीचं वय. आपण आजी म्हटलं की पांढरे केस आणि हातात काठी डोळ्यापुढं आणतो. तेव्हाची आजी तशी नव्हती. मुलीच्या लग्नाचं वय निदान १४ असावं असा शारदा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. म्हणजे त्याच्या आधी आठ-दहा वर्षांच्या पोरींची लग्नं सर्रास होत होती. कायदा झाल्यावरही खेड्यापाड्यात पुष्कळ वर्षं तो कागदावरच होता. आता तुम्हीच बोटं मोडून हिशोब करा. सोळाव्या वर्षी आई झालेल्या बाईची थोरली लेक सोळाव्या वर्षी बाळंत झाली, तर आजीचं वय ३२. तिच्या स्वतःच्या मांडीवर तान्हं मूल. मायलेकी एकाच वर्षी बाळंतीण, ह्यात तेव्हा कुणाला नवल वाटत नव्हतं. अशा आजीनं घरातली पोरं, गोठ्यातली म्हैस, जात्यावरचं दळण आणि डोक्यावर सासू असताना लेकीच्या गावाला जायचं कधी?

दुसरं कारण वाट. बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालते, तीही वाट बरी असली तर. आमच्या दहिवडीहून सातारा साठ-पासष्ट किलोमीटर. आज दोन तासांचा रस्ता आहे, तेव्हा तीन दिवसांचा होता. तीन दिवस जायचे, तीन दिवस यायचे, वाटेत दोन मुक्काम, बैलांची वैरण, माणसांच्या भाकरी, आणि गडी शेतातून आठवडाभर मोकळा. एवढा खर्च लग्नाला होई, मयताला होई. नातवाचा मुका घ्यायला कोण गाडी जुंपून देणार? घरची गाडी असलेल्यांची ही गोष्ट झाली. ज्यांच्याकडं गाडीच नव्हती, आणि गावातली निम्मी घरं तशीच होती, त्यांनी डोक्यावर गाठोडं घेऊन पायीच जायचं.

पावसाळ्यात तर नावच नको. ओढ्याला पूल नाही, नदीला पूल नाही. कृष्णाकाठी लोक गुळाच्या काहिलीत बसून पलीकडं जात. इंग्रजांनी रस्ते केले हे पुस्तकात वाचतो, आणि केले हे खरं आहे. खंडाळ्याचा बोरघाट १८३० साली चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला. १६ एप्रिल १८५३ ला मुंबईहून ठाण्याला पहिली रेल्वे धावली. पण ते रस्ते आणि ती रेल्वे फौजेसाठी, मालासाठी, कापसाच्या गाठींसाठी. गावातून गावात जाणारी वाट होती तशीच राहिली, दोन चाकोऱ्या आणि मधे गवत.

तिसरं कारण, बाई एकटी निघायची नाही. लेकीला माहेरी आणायला मुराळी जायचा. भाऊ, नाहीतर चुलता, नाहीतर भावकीतला कुणी. तो येईपर्यंत लेक वाटेकडं डोळे लावून बसायची. मुराळ्यावर आपल्याकडं केवढ्या ओव्या आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. पण एक गोष्ट बघा. लेकीसाठी मुराळी होता. आजीसाठी मुराळी कुणीच नव्हता. लेकीला माहेराची ओढ असते हे सगळं गाव मान्य करायचं, गाणीसुद्धा म्हणायचं. आईलाही लेकीच्या घराची ओढ असते, हे कुणी मोजतच नव्हतं.

मोजलं ते जात्यावर बसलेल्या बायांनीच. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ ह्या दोघांनी १९८० नंतरच्या काळात गावोगाव फिरून बायांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. पुढं त्या कामात पुष्कळ माणसं आली आणि एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यांत लेकीच्या गावाची वाट आहे, बैल आहेत, पुढं पुढं मोटार आणि रेल्वेही आहे. बाई घरात बसून दळत होती आणि तिच्या ओवीत गाडी धावत होती. बहिणाबाई चौधरींचं माहेर असोदा. सासर जळगाव. मधलं अंतर दोन-चार मैलांचं. एवढ्याशा वाटेवर त्यांनी गाणी केली, ती उगाच नाही. वाट लहान होती, पण मनात आलं की निघावं अशी मुभा नव्हती.

एक सवलत मात्र म्हाताऱ्या बाईला होती, ती देवाच्या नावानं. वारीला जायला कुणी अडवत नसे. गावच्या जत्रेला, शिखर शिंगणापूरला, म्हसवडच्या सिद्धनाथाला, पंढरपूरला. आणि आमच्या आज्यांनी ह्या सवलतीचा पुरता फायदा घेतला. जत्रेत लेक तिच्या गावाहून यायची, आई आपल्या गावाहून, आणि दोघी देवळामागच्या झाडाखाली भेटायच्या. नातवंडाला तिथंच पेढा, तिथंच झबलं. देवदर्शन किती व्हायचं देव जाणे. मायलेकींचं दर्शन व्हायचं.

आता मोटारीकडं येऊ. १९२० नंतर खाजगी मोटारी आल्या. कुणी सावकार, कुणी व्यापारी एखादी गाडी घ्यायचा आणि बाजाराच्या दिवशी सोडायचा. वेळ नाही, दर ठरलेला नाही, गाडी भरली की सुटायची आणि टपावरही माणसं बसायची. १९३९ साली मोटार वाहन कायदा आला तेव्हा थोडी शिस्त लागली. तिकडं मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथं १९३२ सालीच सरकारी रेल्वे खात्याच्या ताब्यात बसगाड्या सुरू झाल्या होत्या, सुरुवातीला फक्त २७. पण ह्या सगळ्या मोटारी तालुक्याच्या, बाजारपेठेच्या. आणि त्यांत बसणारी माणसं म्हणजे बहुतेक पुरुष.

मग आलं १९४८ साल. १ जून १९४८ ला पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, ह्या रस्त्यावर सरकारची पहिली गाडी धावली. तेव्हा मुंबई राज्य होतं आणि मोरारजी देसाई गृहमंत्री होते. तुम्हाला वाटेल ती लाल असेल. ती निळी होती, वर चंदेरी टप. बॉडी लाकडाची, बसायला काथ्याच्या गाद्या. पुढं १९५० च्या केंद्राच्या कायद्याखाली महामंडळ झालं, आणि १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या गाड्याही त्यात आल्या. बोधवाक्य ठेवलं 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय'.

सरकारी गाडीनं काय वेगळं केलं? मला विचाराल तर तीन गोष्टी, आणि तिन्ही बाईच्या कामाच्या. गाडीला वेळ आली, मग ती तासभर उशिरा का येईना. भाडं ठरलं, घासाघीस संपली. आणि गाडीत खाकी कपड्यातला एक माणूस आला, ज्याला 'अहो मास्तर, लेकीच्या गावाला उतरवा' असं सांगता यायचं. पाटी वाचता येत नसलेली बाई पहिल्यांदा एकटी निघाली ती ह्या मास्तरच्या भरवशावर. पुष्कळ घरांत कारभाऱ्यानं बायकोला एकटं पाठवायचं धाडस केलं तेही तेवढ्याचसाठी. मुराळ्याचं काम कंडक्टरनं केलं म्हणा ना.

पण गाडी येणार कशावरून? तिला रस्ता लागतो. आणि हा रस्त्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्याच बायांनी केला आहे.

१९७२ चा दुष्काळ. त्याच्या आधीची दोन वर्षंही पावसानं दगा दिलेला. विहिरी आटल्या, जनावरं विकली. सरकारनं कामं काढली. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्यांत बाया किती होत्या ते तुमच्या गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. हातात हातोडा, डोक्यावर पाटी, उन्हात बसून खडी फोडायची. डोळ्यात कच जायची, हाताला फोड. खायला परदेशातून आलेला लाल मिलो, पोरांना सुकडी. तेव्हाची तरुण सून म्हणजे आजची आजी.

त्याच्याही आधी, १९६५ साली, आमच्या शेजारच्या तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा पहिला प्रयोग करून बघितला होता. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळानं तो प्रयोग साऱ्या राज्याचा झाला. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला होता. कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि लहान मुलं सांभाळायची सोय असावी, हेही त्यात होतं. ही सोय म्हणजे बहुतेक ठिकाणी बाभळीला बांधलेल्या झोळ्या आणि त्यांच्यापाशी बसलेली एक म्हातारी. सुना खडी फोडायच्या, आजी दहा घरची पोरं सांभाळायची.

सगळी खडी रस्त्यावर पडली असं मी म्हणणार नाही. खडीचे ढीग कित्येक वर्षं पडून राहिले, काहींवर गवत उगवलं, काही रातोरात कुणाच्या तरी घराच्या पायात गेले. रस्त्यावर मुरूम टाकला आणि पुढच्या पावसात वाहून गेला, असंही झालं. तरी पण पाझर तलाव आणि कच्चे रस्ते झाले, तेही पुष्कळ झाले. पुढं त्यांतले कितीतरी डांबरी झाले. २५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, तिनं आणखी वाड्या-वस्त्या जोडल्या. ज्या रस्त्यावरून आज आजी लेकीकडं जाते, त्याची खडी तिनं किंवा तिच्यासारखीनं फोडलेली असण्याचा संभव बराच आहे. कोनशिलेवर मात्र नाव आमदारांचं.

रस्ता आला आणि मागोमाग वस्तीची गाडी आली. आताच्या पोरींना ही गंमत माहीत नसेल. रात्री आठ-नऊला गाडी गावात यायची, देवळापुढं नाहीतर शाळेपुढं उभी राहायची, आणि पहाटे सहाला तालुक्याला निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे. त्यांना कुणाच्या ना कुणाच्या घरून भाकरी-कोरड्यास जायचं. आजीच्या प्रवासाला ही गाडी म्हणजे सोन्यासारखी. पहाटे निघालं की दुपारच्या आत लेकीच्या दारात. संध्याकाळी परत यायचं म्हटलं तरी जमायचं.

आणि तिचं सामान काय सांगू! मेथी-डिंकाचे लाडू, कुरडया, सांडगे, हुलग्याचं पीठ, नव्या ज्वारीचं बोचकं, शेंगांची पिशवी. कधी पिशवीतून मान बाहेर काढून बघणारी कोंबडी. मग तिच्यावरून कंडक्टरशी वाद. परत येताना बरोबर नातू असायचा, सुट्टीला आणलेला. पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही आणि बारापर्यंत अर्धं, त्यामुळं एसटीत आजीच्या नातवाचं वय वाढतच नसे. "अहो, चारचाच हाय, अंगानं थोर हाय." मास्तरला सगळं कळायचं. तो हसायचा आणि पुढं जायचा, नाहीतर पंच वाजवत तिथंच उभा राहायचा.

आजीला निघता आलं नाही तर तिचा डबा निघायचा. शहरात शिकायला असलेल्या पोरांना गावाकडून एसटीनं भाकरीचे डबे जात. फडक्यात बांधलेला डबा, वर नाव, आणि स्थानकावर वाट बघणारा पोरगा. कितीतरी मास्तर, साहेब आणि नर्सबाई ह्या डब्यावर शिकल्या.

आता तुमच्या-माझ्या डोळ्यादेखत घडलेल्या गोष्टी. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पुरी झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास फुकट झाला. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायांना अर्धं तिकीट. पोरगी असो, सून असो, सासू असो. ह्या अर्ध्या तिकिटावर पुरुषमंडळी पारावर बसून काय काय बोलली ते मी ऐकलं आहे. म्हणे बाया आता उगाच फिरतात. मैत्रिणींनो, आजीनं लेकीचं घर बघणं हे उगाच फिरणं असेल तर असू दे. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं जवळजवळ १५ टक्के वाढलं, तेव्हा ह्या अर्ध्या तिकिटाची किंमत आणखी कळली. रेल्वेचं उलट झालं. तिथं ५८ वर्षांवरच्या बायांना निम्मी सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये काढून घेतली. मुंबईला किंवा सुरतेला लेक दिलेल्या आजीला हा फटका बसला.

सवलत आहे, पण ती वयाच्या कागदाला बांधलेली आहे, आणि इथं आपल्या बायांची गाडी अडते. आमच्या शेजारच्या गावात एक आजी आहेत. गांधीबाबा गेले तेव्हा त्या पाळण्यात होत्या, असं त्यांची आई सांगायची. म्हणजे जन्म १९४८ च्या आगेमागे. "येष्टी आन् मी एकाच सालच्या," असं त्या अभिमानानं सांगतात. पण आधार काढताना लिहिणाऱ्यानं अंदाजानं १ जानेवारी १९५४ टाकलं. कार्डावर पंच्याहत्तरी येईपर्यंत त्यांना अर्धं तिकीट काढावंच लागणार. वय दुरुस्त करायचं तर जन्माचा पुरावा लागतो. तो त्या काळच्या किती बायांकडं आहे? शाळेत गेल्या नाहीत, घरात जन्मल्या, कुणी नोंद केली नाही. तुमच्या गटात अशा कुणी असतील तर आधी कार्डावरची तारीख वाचून बघा. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, म्हणून घाई करू नका. शाळेचा दाखला किंवा ग्रामपंचायतीची, तहसीलची जुनी जन्मनोंद मिळते का ते आधी शोधा आणि मगच अर्ज करा.

दुसरी अडचण सीमेची. कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी आज्यांच्या लेकी निपाणी-बेळगावकडं दिल्या आहेत. अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढं पुरं भाडं. कर्नाटकात जून २०२३ पासून बायांना साध्या सरकारी गाडीत फुकट प्रवास आहे, पण तो तिथल्या रहिवासी बायांना. म्हणजे लेक फुकट फिरते आणि तिला भेटायला गेलेली आई तिकीट काढते. नाती सीमा बघून जोडलेली नसतात, तिकिटं मात्र बघतात.

ह्या रस्त्याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई नुसतं गोडच बोलतात. वाट उघडली तशी आजीला बोलावणी वाढली, आणि सगळी बोलावणी पाहुणचाराची नसतात. शहरात सून नोकरीला, लेक नोकरीला, पाळणाघर परवडत नाही. मग गावाहून आजी. सहा-सहा महिने. फुकटच्या तिकिटावर येते, पोरं सांभाळते, भाकरी करते, आणि तिच्या गावाकडच्या म्हशीचं काय झालं हे कुणी विचारत नाही. काही आज्या आनंदानं जातात, त्यांना नातवंडाशिवाय करमत नाही. काही जणी मला म्हणाल्या, "भेटायला जाणं येगळं आन् कामाला जाणं येगळं." तेव्हा आजीला बोलावताना परतीचा दिवसही तिच्याशी बोलून ठरवा.

आणि आता सगळ्यात अडचणीची गोष्ट. तिकीट फुकट असून गाडीच नसेल तर? मार्च २०२० मध्ये कोरोनानं गाड्या थांबल्या. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या पोटाच्या होत्या, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण त्या सहा महिन्यांत वडापवाल्यानं मागेल ते भाडं घेतलं आणि म्हाताऱ्या बाया घरातच बसल्या. संप मिटला तरी कितीतरी गावांची बंद पडलेली फेरी परत आलीच नाही. पुष्कळ ठिकाणी वस्तीची गाडी गेली ती गेली. १ जून २०२२ ला त्याच पुणे-नगर रस्त्यावर विजेवरची नवी 'शिवाई' गाडी धावली. २०२३ मध्ये बाया एसटीचं स्टिअरिंग धरायला लागल्या. दोन्हींचं कौतुकच आहे. पण आमच्या वाडीच्या फाट्यावर उभ्या असलेल्या आजीला सकाळची साधी लाल गाडी हवी आहे.

खेड्यातली फेरी आज बहुतेक ठिकाणी शाळेच्या पोरींमुळं टिकून आहे. पोरींचे पास आहेत म्हणून गाडी येते. आणि म्हणूनच मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की ती फेरी बंद होते. नेमकं नातवंडं यायची आणि आजीनं जायचं तेव्हाच. आगारात विचारायला गेलं की एक शब्द ऐकायला मिळतो, 'भारमान'. म्हणजे गाडीतल्या जागांच्या मानानं माणसं किती बसतात ते. भारमान कमी, फेरी बंद. त्यांचाही हिशोब आहे, डिझेल काही फुकट येत नाही. पण फाट्यावर गाडीची वाट बघून शेवटी वडापमध्ये बसलेल्या बाया त्या भारमानात धरलेल्याच नसतात.

म्हणून आमच्या गटानं ह्या उन्हाळ्यासाठी एक वही घातली आहे. फाट्यावरच्या टपरीत दोरीनं बांधून ठेवली आहे. रकाने चारच पाडले आहेत. तारीख, कुठं जायचं, गाडी मिळाली का, नाही मिळाली तर कशानं गेलात आणि भाडं किती पडलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं टपरीवाली वहिनी लिहिते. महिनाभराची वही झाली की तिची प्रत आणि ग्रामसभेचा ठराव असं दोन्ही घेऊन आगार व्यवस्थापकाकडं जायचं. तिथं काम झालं नाही तर विभाग नियंत्रकाकडं. नुसत्या अर्जापेक्षा वही बरी, हे आम्हाला रेशनच्या वेळी कळलं होतं. तुमच्या फाट्यावरही अशी वही घालायची असेल तर मार्च संपायच्या आत घाला, कारण मेच्या फेऱ्यांचं ठरायच्या आधी ती आगारात पोचायला हवी. नमस्कार.